ओट्यावर ऐकू येणारी हाक

धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला असतो. सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या इतक्या फुगलेल्या असतात की वरून जाळी बांधूनही कापूस बाहेर डोकावतो, आणि बाभळीचा काटा त्यातला एखादा पुंजका ओढून घेतो. दिवाळीनंतर दोन-तीन महिने ही झाडं अशीच पांढरी दिसतात. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, बाभळीला कापूस कसा येतो? ते दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाल होते. अंगाची, कपड्यांची, डोळ्यांचीही मिरची झालेला तो माणूस हसून म्हणाला होता, "तिनं पेरा नही भो, अडकाडी ठेवं."

तिनं पेरलं नाही, अडकवून ठेवलंय. यंदा बसच्या खिडकीतून ती झाडं पाहताना मला हे आठवलं, आणि मी कशासाठी चाललो आहे तेही. पारोळ्याबाहेरच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर आमचा ‘ओटा’ अजून चालू होता. तो काढून टाकायला मी निघालो होतो.

‘ओटा’ म्हणजे काय हे सांगायला हवं. माझ्या आईला मी अजून नीट सांगू शकलेलो नाही. वेबसाइट उघडली की आपल्याला बटणं दिसतात, रकाने दिसतात, याद्या दिसतात. हिशेब, साठा, आकडेमोड सगळं आत, लांब कुठेतरी चाललेलं असतं. माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो फक्त पुढचा भाग. तो पुढचा भाग दर वेळी नव्यानं घडवत बसू नये म्हणून काही लोक त्याचे सुटे भाग आणि जोडण्याचे नियम आधीच करून ठेवतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. मोठ्या कंपन्यांची मोठी फ्रेमवर्क असतात, जगभर चालतात. आमचं एक छोटं होतं. पारोळ्यात, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही तिघांनी ते बांधलं. खालून सतत औषधांचा उग्र वास यायचा. अजूनही कुठे कीटकनाशकाचा डबा उघडला की माझी बोटं टाइप करायला निघतात.

नाव अक्कानं दिलं. "घरमा काय चालू शे ते घरमा," ती म्हणाली होती. "येनारा मानूस पहिले ओट्यावर बसस. त्याले बसाले जागा नीट पाहिजे." आमच्याकडे घरापुढे दगडी ओटा असतो. आलेला माणूस तिथं टेकतो, पाणी पितो, मग आत जायचं की नाही ते ठरतं. पुढच्या भागाला याहून चांगलं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

अक्का म्हणजे विजया अक्का. पुण्यात मोठ्या कंपनीत होती. सासरे अंथरुणाला खिळले म्हणून धुळ्याला परत आली आणि मग इथंच राहिली. मी पहिल्यांदा तिच्याकडे काम मागायला गेलो तेव्हा मॅडम-मॅडम करत होतो. घरात पदवी घेणारा मी पहिला. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती छातीशी धरून बसलो होतो. तिनं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "घर कोन कोन शे?" तिनं विचारलं. सांगितलं. "बाप काय करस?" सांगितलं. मग तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम पुण्याला राहिली. आठे अक्का म्हन. आन तू म्हन, आपल्या बोलीमा अहो-जाहो कोन करस?"

तेव्हापासून मी तिला अक्का आणि तू म्हणत आलो. ती गेल्यावर सगळे तिच्याविषयी आदरार्थी बोलायला लागले, तेव्हा मला ती कुणी वेगळीच बाई वाटायला लागली.

तिसरा हेमंत, सावद्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. त्याची बोली आमच्यापेक्षा वेगळी. आम्ही ‘माले’ म्हणालो की तो ‘मले’ म्हणून चिडवायचा. "तुमच्या धुळ्याकडं वांग्याले वांगं म्हणतात फक्त," तो म्हणायचा. "वांगं कशाले म्हणतात ते या हिवाळ्यात दाखवतो, चाल." आणि खरंच दाखवायचा. थंडी पडली की आम्ही त्याच्या शेतावर भरिताला जायचो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी-पांढरी लांबरुंद वांगी. त्यांची साल काळी पडून फुटते तेव्हा जो वास सुटतो तो मला शब्दांत पकडता येत नाही. धूर असतो त्यात, थोडी माती असते, आणि उगाच एक भरवसा असतो की आज कुणी उपाशी राहणार नाही. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ते ठेचायचं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. हेमंतची आई वाढताना म्हणायची, "घ्या न भो, इतकं थोडंच?" आणि अक्का पदर खोचून स्वतः ठेचायला बसायची.

‘ओट्या’ची नवी आवृत्ती आम्ही वर्षातून एकदाच काढायचो, या भरिताच्या आसपास. बाकीचं जग दर पंधरवड्याला काही ना काही नवं काढतं. आमच्याकडे ते हंगामी होतं. आणि काढण्याआधी अक्काचा एक नियम होता. मी पुढे पुण्याच्या कंपनीत रुजू झालो तेव्हा तो सांगितला, तर सगळी बैठक हसली होती. नियम असा : ज्यांनी ज्यांनी ‘ओटा’ वापरला आहे, त्या प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, आम्ही हे-हे बदलतोय, चालेल का?

"अक्का, जगात कोणी असं करत नाही," हेमंत म्हणायचा. "बदल लिहून टाकायचे. ज्याले पाहिजे तो वाचीन."

"ज्याना घरले आपन दार बसाडं," अक्का म्हणायची, "त्याले ईचारा बिगर बिजागरी बदलानी नही."

मग आम्ही फोन करायचो. चाळीसगावचा किराणावाला, भुसावळचा क्लासवाला, पुण्याचा एक दवाखाना, कुठलं कुठलं कॉलेज. लग्नाच्या आमंत्रणासारखं ते काम असायचं. कामाचं बोलणं एका वाक्यात संपायचं, मग पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा. फ्रेमवर्क सांभाळणं म्हणजे काय, हे मी त्या फोनवर शिकलो. बांधणं सोपं असतं. बांधताना सगळे सोबत असतात, उत्साह असतो. सांभाळणं म्हणजे आपण बसवलेलं दार दुसऱ्याच्या घरी रोज उघडतंय की नाही याचा घोर लागून राहणं.

अक्कानं मला ‘ओट्या’ची माहितीपत्रं मराठीत लिहायला लावली. मी घाबरलो होतो. इंग्रजी येत नाही म्हणून आयुष्यभर खाली मान घातलेली, आणि आता मराठीत लिहायचं म्हणजे आपण कमीच आहोत हे जगाला सांगणं, असं मला वाटलं. तिनं माझं पहिलं पान वाचलं आणि परत दिलं. "हुशारी दाखाडू नको. तू पहिला दिवस आठे वना तव्हय तुले काय समजतं, तसं लिही." पहिल्या दिवशीच्या मला समजेल असं मी पुन्हा लिहिलं. आज माझं लिहिलेलं थोडंफार लोक वाचतात, तर ते त्या पानामुळे. हे मी तिला कधीतरी नीट सांगणार होतो.

पण ज्या वाक्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते वाक्य त्याआधीचं, पहिल्याच हिवाळ्यातलं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हीच जिनिंग. काट्यावर नाना बसायचे. डोक्यावर टोपी, टोपीवर कापसाचे तंतू, समोर फोनचा पडदा. ट्रॅक्टर काट्यावर चढला की नानांनी बटण दाबायचं, आत वजन नोंदलं जायचं, पावती निघायची. पण तिथं नेटवर्क असं की बटण दाबल्यावर पडदा पांढरा पडायचा आणि पांढराच राहायचा. नाना पुन्हा दाबायचे. पुन्हा. एकाच ट्रॅक्टरच्या तीन पावत्या. मागच्या ट्रॅक्टरवाल्यांचा आरडाओरडा.

हेमंतनं पडद्यावर एक गोल फिरणारं चाक टाकलं. सगळीकडे असतं तसं. आम्ही काट्यावर जाऊन उभे राहिलो. नानांनी ते चाक बराच वेळ पाहिलं, मग खिडकीतून ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हाई चाक फिरी राहिनं, पन गाडी तं आठेच उभी शे!"

आणि बटण पुन्हा दाबलं.

अक्का इतकी हसली की तिला कापसाच्या गंजीला टेकावं लागलं. मग तिथंच, तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर, तिनं चाक काढून टाकलं आणि त्या जागी चार शब्द लिहिले : थांब जरासा, इ राहिनू. म्हणजे, थांब जरा, येतेय मी. दारात कुणी आलं, आपले हात पिठात असले, की आतून आपण असंच ओरडतो.

पुढचा ट्रॅक्टर चढला. नानांनी बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि ते शब्द आले. नानांचा हात पुन्हा बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. ते पडद्याला म्हणाले, "ये बाई, ये. सावकाश ये."

त्यानंतर एका ट्रॅक्टरच्या दोन पावत्या कधी निघाल्या नाहीत.

घोटाळा पुढे झाला. ते वाक्य अक्कानं जिनिंगच्या पडद्यापुरतं लिहायला हवं होतं. गडबडीत ते ‘ओट्या’च्या गाभ्यात गेलं, आणि त्या वर्षीची आवृत्ती निघाली तेव्हा सगळ्यांच्या पडद्यावर गेलं. पुण्याच्या दवाखान्यातून फोन आला. तिथल्या बाई तापलेल्या होत्या : "आमच्या पेशंटना अरे-तुरे कोण करतंय? आणि ही भाषा कोणती?" अक्कानं माफी मागितली, त्यांच्यापुरतं बदलून दिलं. मग नियमाप्रमाणे एकेकाला फोन करून विचारलं, काढू का? भुसावळच्या क्लासवाल्यानं सांगितलं, पोरं ते वाक्य एकमेकांना म्हणत फिरतात, राहू द्या. चाळीसगावच्या किराणावाल्याची म्हातारी आई तर फोनवर स्वतः आली. "कोन बोलस ती? चांगली बोलस," म्हणाली. बहुतेकांनी ठेवलं. जिथं ज्याला नको तिथं बदलता येईल अशी सोय करून आम्ही ते गाभ्यातच राहू दिलं.

एवढ्या मोठ्या देशात कुठे कुठे माणसं पडद्यासमोर थांबलेली असायची, आणि आमच्या धुळ्याची एक बाई त्यांना आतून हाक द्यायची. हे तेव्हा गंमत म्हणून होतं.

हेमंत पुण्याला गेला. त्यात वाईट काही नव्हतं, त्याला पुढचं दिसत होतं. मग अक्का आजारी पडली. पोट दुखतंय म्हणत म्हणत तिनं एक हंगाम काढला. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. नाशिकच्या दवाखान्यातून ती घरी आली ते घरीच राहण्यासाठी.

दोंडाईच्याला मिरची वाळत घालायचे दिवस होते. लांबवर लाल पसारे. मी वडिलांना भेटून, कपड्यांना मिरचीचा खकाणा घेऊनच धुळ्याला तिच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

"थांब जरासा," आतून आवाज आला. "इ राहिनू."

मी ओट्यावर बसलो. आत भांडं सरकल्याचा आवाज झाला. मग भिंतीवरून हात घासत येतो तसा आवाज. मग काहीच नाही. मग पुन्हा हात. तिची मुलगी दुकानात गेली होती, घरात ती एकटीच होती, हे मला नंतर कळलं. गल्लीतून एक सायकल गेली. मी उठलो, पुन्हा बसलो. ते वाक्य इतकं लांब असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दार उघडलं. ती चौकटीला धरून उभी होती. शिंकली आणि हसली. "दोंडाईचं लई वना वाटतं संगे."

आम्ही ओट्यावरच बसलो. नव्या आवृत्तीचे फोन झाले का, तिनं विचारलं. मी म्हणालो, झाले. नानांचा काटा? चालू आहे. "मंग बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुना बापले सांग, मिरची धाडी दे थोडी. तोंडले चव नही."

मिरची पोचली. अक्का मात्र त्या होळीपर्यंत राहिली नाही.

तिच्यामागं ‘ओटा’ मी एकट्यानं सांभाळला. नोकरी करून, सुट्टीच्या दिवशी. दर हिवाळ्याला फोन केले. दर हिवाळ्याला थोडे कमी करावे लागले. किराणावाल्यानं दुकानच बंद केलं. क्लासवाल्याला कुणीतरी नवं चकचकीत काही करून दिलं. मी कुणाला अडवलं नाही. ज्यांच्या सुट्या भागांवर आमचा ‘ओटा’ उभा होता, ते दूरदेशीचे अनोळखी लोकही एकेक करून थकले. आता आम्ही हे सांभाळू शकत नाही, असं लिहून निघून गेले. त्यांचा मला राग आला नाही. उलट, मी एकटाच नाही असं वाटलं. शेवटी जिनिंग उरली. आणि नव्या फोनवर ‘ओटा’ अडखळायला लागला. पावती अर्धवट निघू लागली.

फोन करणं भाग होतं.

"नाना, बदलावं लागेल," मी म्हणालो. "पूर्ण. हा ‘ओटा’ जाईल, दुसरं मोठं बसवू. चालेल का?"

नाना नाही म्हणतील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तशी आस होती. पलीकडे ट्रॅक्टरची धडधड चालू होती.

"बदल भो," ते म्हणाले. "कामले अडचन नको. पन ते बाईनं वाक्य राहू दे."

"राहील," मी म्हणालो. मला हलकं वाटलं. वाक्यच तर होतं. ते कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये लिहिता येतं.

म्हणून मी त्या बसमध्ये होतो आणि बाभळी पाहत होतो.

काट्यावर सगळं तसंच होतं. आवारात कापसाच्या गंजी, हवेत तंतू, नानांच्या टोपीवरही. फक्त नाना आता वाकले आहेत. मी नवं बसवलं. वाक्य तेच, त्याच जागी, नानांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. ट्रॅक्टर चढला. नानांनी बटण दाबलं, आणि सवयीनं हात मागं घेऊन थांबले.

पावती आली.

पडदा पांढरा झालाच नाही. मधल्या वर्षांत जिनिंगजवळ नवा टॉवर उभा राहिला होता, नवं फ्रेमवर्कही हलकं होतं. दाबलं आणि उघडलं. वाक्य गाभ्यात होतं, पण त्याला दिसायला जागाच उरली नव्हती.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "इतलं झटकन?"

"हो."

"मंग ते कथं गयं?"

"आहे नाना, आतच आहे. नेटवर्क गेलं की दिसेल."

"आते नेट जास कथं?" ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. माहिती सांगावी तसं ते म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. उपाय अगदी सोपा होता. एक ओळ. पावती तयार असली तरी एखादा क्षण मुद्दाम थांबवायची, आणि त्या क्षणात ते वाक्य दाखवायचं. कुणाचं काही बिघडलं नसतं. नानांना बरं वाटलं असतं. मला तर वाटलंच असतं. मी ती ओळ लिहिली. लिहून तिच्याकडे पाहत बसलो.

आणि मला हेमंतची आठवण झाली. त्यानं एकदा ‘ओट्या’त सुरुवातीला आमचं नाव झळकवलं होतं. अक्षरं हळूहळू उमलायची, छान दिसायची, आणि तेवढा वेळ माणूस अडकून राहायचा. अक्काला मी तेवढं एकदाच चिडलेलं पाहिलं. "काट्यावर ट्रॅक्टर उभा शे, त्याना मांगे अजून उभा शेत," ती म्हणाली होती. "तुनी हौससाठे मानूसले थांबाडाना हक तुले कोन दिना? उशीर व्हस म्हनीसन आपन ‘थांब’ म्हनतस. थांबाडासाठे नही."

उशीर होतो म्हणून आपण थांब म्हणतो, थांबवण्यासाठी नाही. खिडकीतून पाहिलं तर मागं ट्रॅक्टरांची रांग होती. पहाटेच घरून निघालेली माणसं, थंडीत टॉवेल गुंडाळून, चाकाला टेकून उभी होती. घरी जायचं होतं त्यांना.

मी ती ओळ पुसली.

नानांनी हात वर करून पुढच्या ट्रॅक्टरला खूण केली. धडधडत तो काट्यावर चढला, ट्रॉलीच्या जाळीतून कापसाचा एक पुंजका सुटून खिडकीच्या गजाला लागला. आकडा स्थिर झाला. नानांनी बटण दाबलं आणि पावती लगेच समोर आली, छापूनही निघाली. ड्रायव्हरनं ती ओढून घेतली आणि गाडी खाली उतरवली.

काटा रिकामा झाला. नाना अजून पडद्याकडे पाहत होते, हात तसाच हवेत.

"ये बाई," ते हळूच म्हणाले. "सावकाश ये."